शिलारसाचा अभ्यास: आधी डोक्यातली लाल टाकी रिकामी करा

ज्वालामुखीची शाळेतली आकृती मनात पक्की बसलेली असते. डोंगर, डोंगराखाली लाल रंगाने भरलेला फुगा आणि त्या फुग्यातून शेंड्यापर्यंत सरळ गेलेली नळी. मॅग्माच्या, म्हणजे शिलारसाच्या अभ्यासाला येणारा जवळजवळ प्रत्येक जण ही आकृती सोबत घेऊन येतो आणि त्याचे पहिले काही महिने ती विसरण्यात जातात. ते महिने वाचले तर बरंच, म्हणून हा मजकूर.

भूकवचात साठलेला शिलारस बहुतेक काळ वाहता नसतो. तो स्फटिकांचा लगदा असतो. ओल्या वाळूत पाणी जसं कणांच्या फटींत असतं, तसा वितळलेला रस स्फटिकांच्या फटींत असतो. स्फटिकांचं प्रमाण साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या वर गेलं की ते एकमेकांना टेकतात, त्यांचा सांगाडा तयार होतो आणि मिश्रण जागच्या जागी अडकतं. असा लगदा हजारो, कधी लाखो वर्षं गरम राहतो, पण उद्रेकातून बाहेर पडू शकत नाही. ज्यात रस पुरेसा आहे असे भाग या लगद्यात भिंगासारख्या पातळ थरांत, तुकड्यातुकड्यांनी आणि भूशास्त्राच्या हिशेबात थोड्याच काळासाठी जमतात.

म्हणून ‘साठा केवढा’ आणि ‘त्यात रस किती’ हे दोन प्रश्न कायम वेगळे ठेवा. यलोस्टोनखाली २०१५ साली भूकंपलहरींच्या अभ्यासातून खालच्या कवचात सुमारे ४६,००० घन किलोमीटरचा एक बेसाल्टी साठा दिसला. बातम्यांनी तेवढा एकच आकडा उचलला. त्याच अभ्यासात रसाचं प्रमाण अंदाजे २ टक्के दिलं होतं, म्हणजे बाकी ९८ टक्के घन खडकच.

उलट बाजूचं उदाहरण आइसलँडमधल्या क्राफ्लाचं. तिथे २००९ साली भूऔष्णिक संशोधनासाठी साडेचार किलोमीटर खोल विहीर खणायची होती. सुमारे २.१ किलोमीटरवर कटर पुन्हा पुन्हा अडकू लागला आणि मग चुऱ्यासोबत काचेचे तुकडे वर आले. ड्रिल थेट रायोलाइटच्या (सिलिका जास्त असलेल्या खडकाच्या) वितळलेल्या रसात शिरलं होतं, सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या. त्या भागाचा अभ्यास अनेक वर्षं अनेक पद्धतींनी झालेला होता, तरी एवढ्या उथळ जागी रस असेल असं कोणत्याच नकाशावर नव्हतं. भूकंपलहरी काय किंवा विद्युतरोध मोजणी काय, काही शे मीटरहून लहान खिसा त्यांच्या नजरेतून सहज सुटतो. पद्धत कोणतीही निवडा, ती किती लहान वस्तू पाहू शकते हे आधी विचारा.

वर का येतो, अडतो का

आधी तीन आकडे अंगवळणी पडू द्यात. बेसाल्टी रसाची घनता घनमीटरला साधारण २६०० ते २७५० किलो, वरच्या कवचाची २७०० च्या आसपास आणि खालच्या कवचाची २९०० ते ३०००. खडकाच्या वजनाने दाब दर किलोमीटरला सुमारे २६ ते २७ मेगापास्कलने वाढतो. म्हणजे १०० मेगापास्कल ऐकलं की पावणेचार किलोमीटर हे लगेच डोळ्यांसमोर यायला हवं.

आता तरंगण्याचा जोर पाहू. घनतेत १०० किलोचा फरक आणि रसाचा सलग उभा स्तंभ ५ किलोमीटर असेल, तर १०० × ९.८ × ५००० म्हणजे जवळपास ५ मेगापास्कल. खडकाची ओढ सहन करायची ताकद साधारण ०.५ ते ९ मेगापास्कल धरतात. दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत आणि खरी गोम तिथेच आहे. शिलारस खडक वितळवत वर जातो असं वाटतं, पण तेवढी उष्णता त्याच्याकडे क्वचितच असते. थंड, ठिसूळ कवचातून तो खडक फाडत जातो. भेग पुढे पळते, रस मागून ती भरतो. अशा उभ्या भेगेत गोठलेला शिलारस म्हणजे डाइक. थरांना समांतर पसरला की सिल. खोल, गरम, मऊ खडकात गोष्ट वेगळी असते. तिथे रस कणांच्या फटींतून झिरपतो आणि लगदा स्वतःच्या वजनाने दबून तो पिळून बाहेर काढतो.

भेग कोणत्या दिशेला उघडणार हे कवचातला ताण ठरवतो. ज्या दिशेने सर्वांत कमी दाबलं जातं, त्या दिशेला काटकोनात डाइक उभी राहते. म्हणून जुन्या डाइक हे त्या काळच्या ताणाचे होकायंत्र समजतात. कॅनडातला सुमारे १.२७ अब्ज वर्षांपूर्वीचा मॅकेंझी डाइकसमूह एका केंद्रातून पंख्यासारखा पसरत २००० किलोमीटरहून लांब जातो. दख्खनच्या बेसाल्टमधल्या नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या डाइक बहुतांशी पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य दिशेच्या आहेत.

‘घनता सारखी झाली की शिलारस थांबतो’ हे उत्तर परीक्षेत गुण देतं, पण प्रत्यक्षात अर्धवट आहे. वरचा थर हलका असला तरी खालचा सगळा स्तंभ मिळून पुरेसा जोर असेल तर रस तो थर ओलांडून जातो. तो थांबण्यामागे बरेचदा वेगळं काही असतं. मऊ थरावर कडक थर आला की भेग त्या सांध्याशी वळते आणि आडवी पसरते. कधी मागच्या साठ्यातला दाब संपतो, कधी आडवा ताण वाढतो. आणि कधी रस सरळ गोठून जातो.

गोठण्याचा हिशेब मात्र स्वतःच्या हाताने करून बघा, कारण तो पुढे सतत लागतो. जाडीच्या निम्म्याचा वर्ग भागिले उष्णता पसरण्याचा गुणांक, हे ढोबळ सूत्र. खडकासाठी हा गुणांक सेकंदाला १०⁻⁶ चौरस मीटर धरा. १ मीटर जाडीच्या डाइकला साधारण ३ दिवस, १० मीटरच्या डाइकला ९ ते १० महिने, १ किलोमीटर जाडीच्या थराला सुमारे ८,००० वर्षं. गोठताना बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे खरा काळ याच्या काही पट होतो, पण मोठेपणाचा अंदाज बदलत नाही. जाडी दहापट झाली तर वेळ शंभरपट. एवढ्यावरून दोन गोष्टी कळतात. एक मीटरची डाइक लांब जायची असेल तर तिला घाईच करावी लागते. आणि मोठा साठा टिकवायचा असेल तर खालून वारंवार गरम रस येत राहायला हवा, नाहीतर तो उभा राहण्याआधीच थिजतो.

घाई म्हणजे किती? आइसलँडमध्येच बारदारबुंगा ज्वालामुखीखालून ऑगस्ट २०१४ मध्ये निघालेली डाइक दोन आठवड्यांत जमिनीखालून सुमारे ४५ किलोमीटर आडवी गेली आणि होलुह्रॉनच्या मैदानात फुटली. ती एका लयीत धावली नाही. थोडी पुढे जायची, अडायची, मागून दाब साठायचा, मग दिशा जरा बदलून पुढचा टप्पा. उद्रेक फेब्रुवारी २०१५ पर्यंत चालला आणि तेवढ्या काळात मागचा कॅल्डेरा, म्हणजे ज्वालामुखीच्या माथ्यावरचा खचलेला मोठा खळगा, ६५ मीटरच्या आसपास खचला. हवाईत २०१८ साली किलाउएआच्या शिखराखालचा साठा असाच रिकामा होत गेला आणि रस पूर्वेच्या भेगपट्ट्यातून सुमारे ४० किलोमीटर दूर, वस्तीत बाहेर पडला. १० नोव्हेंबर २०२३ ला आइसलँडमधल्या ग्रिंदाविक गावाखाली काही तासांत सुमारे १५ किलोमीटरची डाइक भरली. तिच्यात शिरणाऱ्या रसाचा वेग सर्वाधिक असताना सेकंदाला ७,४०० घनमीटर होता, असं नंतरच्या विश्लेषणात निघालं. सरळ उभ्या नळीचं चित्र या तिन्ही ठिकाणी कुचकामी ठरतं.

मैदानातून शिकायचं असेल तर

आमच्या मते सुरुवात इथूनच करावी, पुढे संगणकच चालवायचा असला तरी. हात लावून पाहिलेल्या डाइकशिवाय प्रारूप बनवणारा माणूस तीस मीटर जाडीची, आरशासारखी गुळगुळीत भेग गृहीत धरतो आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही.

सोबत घ्या: कंपास-क्लायनोमीटर (दिशा आणि कल मोजणारं साधन), ३० मीटरची टेप, हातोडा, छिन्नी, दहापट मोठं दाखवणारी लेन्स, जीपीएस आणि पाण्याने न भिजणारी वही. यातला कंपासच सर्वांत आधी दगा देतो, कारण बेसाल्ट स्वतः चुंबकीय असतो. विशेषतः वीज पडलेल्या माथ्यांवर सुई कितीही अंश फिरते. उपाय असा, की कंपास खडकाला टेकवू नका. दोन-तीन मीटर दूर उभं राहून डाइकच्या रेषेत नजर लावून वाचन घ्या. मग दुसऱ्या टोकाला जाऊन उलट वाचन घ्या. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला नाही, तर तिथलं वाचन फेकून द्या आणि सूर्याच्या सावलीवरून किंवा जीपीएसच्या दोन बिंदूंवरून दिशा काढा.

जाडी मोजताना होणारी चूक तर अगदी सरावाची झाली आहे. रस्त्याच्या कापात डाइक तिरकी छेदलेली असते आणि वहीत तीच तिरकी रुंदी जाते. उभ्या डाइकला कापाची रेषा ३० अंशांनी छेदत असेल आणि टेपवर ८ मीटर आले, तर खरी जाडी ८ गुणिले साइन ३०, म्हणजे ४ मीटर. कापाची दिशा वहीत लिहिली नसेल तर ही दुरुस्ती नंतर कधीच करता येत नाही. एका जागी मोजून निघूही नका. लांबीवर दर ५० मीटरला मोजा. डाइक पातळ होते, तुटते, बाजूला सरकून पुन्हा सुरू होते आणि अशा तुकड्यांच्या मधले खडकाचे पूल कोणत्या बाजूला वळले आहेत यावरून ती कशी उघडली ते कळतं.

कडेला या. रस थंड खडकाला भिडला तिथे काही सेंटिमीटरचा बारीक कणांचा, कधी काचेसारखा काळसर पट्टा असतो. असे पट्टे मोजा. दोन कडांचे दोनच असतील तर डाइक एका वेळी भरली. मध्येच तिसरा-चौथा दिसला तर जुनी डाइक थंड झाल्यावर नवा रस आत घुसला आहे. मग त्या १२ मीटरला एका डाइकची जाडी म्हणून वापरता येणार नाही. खांबांसारख्या भेगा थंड पृष्ठभागाला काटकोनात येतात, म्हणून सरपणाच्या ढिगासारखे आडवे रचलेले खांब दिसले की आसपास उभी डाइक शोधा.

सिल आणि जुना लाव्हा प्रवाह यांच्यात सर्वांत जास्त फसगत होते. दोन्ही आडवे, दोन्ही काळे. वरची कड पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नका. सिलने वरचा खडकही भाजलेला असतो, तिच्या बारीक फांद्या वरच्या थरात घुसलेल्या असतात आणि कुठेतरी ती पायरीसारखी थर बदलते. लाव्हा प्रवाहाच्या माथ्यावर बुडबुड्यांचा, तुटक्या ढेकळांचा थर असतो आणि त्याच्या वरचा खडक भाजलेला नसतो. वरचा संपर्क झिजून गेला असेल तर वहीत ‘अनिश्चित’ लिहायला लाजू नका.

रस कोणत्या दिशेने वाहिला हे डोळ्यांनी क्वचितच कळतं. त्यासाठी २५ मिलिमीटर व्यासाचे गाभे ड्रिल करून त्यांच्या चुंबकीय गुणांची दिशा मोजतात. गाभे दोन्ही कडांपासून, अगदी काठाजवळून घ्या. कण प्रवाहात दोन्ही भिंतींपाशी आरशातल्या प्रतिमेसारखे कलतात आणि त्या कलण्यावरून प्रवाह कुठून कुठे हे ठरतं. एकाच कडेचे नमुने आणले की कल प्रवाहाचा की नंतरच्या ताणाचा, हे सांगता येत नाही. मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण अतिसूक्ष्म असतील तर चुंबकीय दिशा उलटी दिसते, म्हणून काही नमुन्यांची पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासाच.

जाडी आणि लांबीवरून भरतानाचा जादा दाबही काढता येतो. २ मीटर जाड, २ किलोमीटर लांब डाइक आणि खडकाचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) १० गिगापास्कल धरला तर ५ मेगापास्कलच्या थोडं वर उत्तर येतं. इथे प्रयोगशाळेतल्या अखंड तुकड्याचा ५० किंवा ६० गिगापास्कल हा आकडा घातला तर दाब ३० मेगापास्कलपर्यंत उडतो. डोंगरातला खडक भेगाळलेला असतो, त्याचा गुणांक कितीतरी कमी. असे फुगलेले दाब छापील लेखांतही सापडतील.

उपग्रह आणि फुगणारी जमीन

नव्यांची सर्वांत जास्त गर्दी या दारात असते आणि ते साहजिक आहे, कारण माहिती फुकट मिळते. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमा २०१४ पासून खुल्या आहेत. दोन तारखांच्या प्रतिमा एकमेकींतून वजा केल्या की रंगीत पट्टे येतात. तरंगलांबी सुमारे ५.५ सेंटिमीटर, म्हणून रंगांचं एक पूर्ण आवर्तन म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटिमीटर हालचाल. ‘उपग्रहाच्या दिशेने’ हे शब्द विसरलात की सगळं चुकतं. ती हालचाल सरळ उभी नसते. चढत्या (उत्तरेकडे जाणाऱ्या) आणि उतरत्या (दक्षिणेकडे जाणाऱ्या) अशा दोन्ही कक्षांच्या प्रतिमा घेतल्याशिवाय उभी आणि आडवी हालचाल वेगळी करता येत नाही.

पहिलं प्रारूप म्हणून सगळे मोगीचं वापरतात. कियोओ मोगी यांनी १९५८ मध्ये मांडलेलं हे गणित लवचिक जमिनीखाली दाब वाढणारा एक छोटा गोल धरतं. कागदावर करून पाहा. गोल ४ किलोमीटर खोल, त्याचं आकारमान १ कोटी घनमीटरने वाढलं, तर माथ्यावर जमीन ०.७५ × १०⁷ भागिले (π × ४०००²), म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर उचलते. मध्यापासून जिथे उंचावणं निम्मं होतं ते अंतर मोजा आणि १.३ ने गुणा, की खोलीचा पहिला अंदाज हातात येतो. वरच्या उदाहरणात ते अंतर ३ किलोमीटरच्या जरा वर येईल. सॉफ्टवेअरने ११ किलोमीटर खोली दिली आणि हा हाताचा अंदाज ४ सांगत असेल, तर आधी आपलीच फाइल तपासा.

मग चुका सुरू होतात. पहिली हवेची. डोंगराच्या माथ्यावर हवेचा थर पातळ, पायथ्याशी जाड. आर्द्रता बदलली की रडारला होणारा उशीर उंचीप्रमाणे बदलतो आणि डोंगराच्या आकाराचे देखणे रंगीत पट्टे उमटतात. हुबेहूब फुगणाऱ्या ज्वालामुखीसारखे! उंची आणि हालचाल यांचा आलेख काढा. सरळ रेषा आली तर संशय घ्या, शेजारचा मृत डोंगरही तसाच ‘फुगला’ आहे का ते पाहा.

दुसरी चूक आकाराची. गोल आणि आडवी सिल यांची उभी हालचाल जवळजवळ सारखी दिसू शकते, फरक आडव्या हालचालीत असतो. मोगीच्या गोलात आडवी भागिले उभी हालचाल हे गुणोत्तर त्या जागेच्या अंतर भागिले खोली एवढं येतं. सिलमध्ये आडवी हालचाल याहून कमी भरते. एखादं जीपीएस स्थानक असेल तर ही तपासणी पाच मिनिटांची आहे. डाइक आणि सिलसाठी ओकाडा यांचं १९८५ चं गणित वापरतात.

तिसरी चूक सर्वांत खोलवर रुजलेली. गोलाचं आकारमान जेवढं वाढलं तेवढाच शिलारस आत आला असं लिहिलं जातं. रसात वायूचे बुडबुडे असतील तर तो स्पंजसारखा दबतो. नवा रस येतो, जुना दबून जागा करून देतो आणि जमीन फारशी हलत नाही. म्हणून उद्रेकात बाहेर पडलेलं घनफळ जमिनीच्या खचण्यावरून काढलेल्या घनफळाच्या कित्येक पट भरतं. जमीन स्थिर आहे यावरून खाली काही चाललेलं नाही असा निष्कर्ष निघत नाही.

भूकंप आणि वायू, थोडक्यात

भूकंप रस दाखवत नाहीत, खडक तुटल्याचं दाखवतात. डाइकच्या टोकाशी आणि बाजूंनी धक्के बसतात, मागचा भरलेला भाग शांत होतो. धक्क्यांचा थवा सरकताना दिसला की टोकाचा माग लागतो. खूप गरम खडक तुटत नाही, हळूहळू वाहतो, त्यामुळे साठ्याच्या जागीच नकाशावर पोकळी दिसते. स्थानकं दूर असतील तर खोलीतली चूक आडव्या चुकीपेक्षा बरीच मोठी असते. केंद्राच्या खोलीइतक्या अंतराच्या आत एकही स्थानक नसेल तर ती खोली नावापुरतीच समजा.

वायूंचं वाचन सरळ नसतं. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीवर मे १९९१ मध्ये सल्फर डायऑक्साइड दोन आठवड्यांत दिवसाला ५०० टनांवरून ५,००० टनांच्या वर गेला आणि मग एकदम घसरला. घसरण म्हणजे शांतता नव्हती. वाट बुजली होती आणि दाब कोंडला जात होता. १५ जूनला मोठा उद्रेक झाला.

स्फटिकांकडून खोली आणि वेळ

रसायनाची आवड असेल तर हे दार. वाढताना स्फटिक रसाचे थेंब पोटात कोंडतात. काचेच्या त्या थेंबाला मेल्ट इन्क्लुजन म्हणतात. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड रसात किती विरघळतील हे दाबावर ठरतं. रायोलाइटमध्ये १०० मेगापास्कलला साधारण ४ टक्के पाणी मावतं, २०० ला ६ टक्क्यांच्या आसपास. थेंबातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मोजा, दाब मिळाला, दाबावरून खोली.

ऐकायला सोपं आहे. पण थेंब थंड होताना आकसतो, त्यात बुडबुडा तयार होतो आणि बहुतांश कार्बन डायऑक्साइड त्या बुडबुड्यात पळतो. फक्त काच मोजली तर साठा खऱ्याहून बराच उथळ दिसतो. ऑलिव्हिन या खनिजातून हायड्रोजन काही तासांत किंवा दिवसांत निसटतो, म्हणून जाड लाव्हाच्या पोटातले स्फटिक घेऊ नका. चटकन थंड झालेली राख किंवा बारीक लॅपिली, म्हणजे उद्रेकात उडालेले खडे, निवडा.

क्लायनोपायरॉक्सीन या खनिजाच्या रासायनिक घडणीवरून दाब काढणारी सूत्रंही आहेत. त्यांची चूक सहज २ ते ३ किलोबार (१ किलोबार म्हणजे १०० मेगापास्कल), म्हणजे ७ ते ११ किलोमीटर असू शकते. तेवढ्या चुकीत वरचा साठा आणि मधला साठा एकमेकांत मिसळून जातात. शिवाय स्फटिक आणि रस खरोखर एकमेकांच्या समतोलात होते का हे तपासायचं राहून जातं. ऑलिव्हिनसाठी लोह-मॅग्नेशियम वाटपाचा गुणांक ०.३० च्या जवळ यायला हवा, क्लायनोपायरॉक्सीनसाठी ०.२८ च्या. दूर असेल तर तो स्फटिक कुठल्यातरी दुसऱ्या रसातून उसना आलेला आहे. लगद्यातून असे उसने स्फटिक सर्रास येतात.

वेळ मोजायला स्फटिकाच्या कडेचे पट्टे वापरतात. नवा गरम रस येऊन मिसळला की कडेला वेगळ्या रासायनिक घडणीचा थर वाढतो आणि मग लोह व मॅग्नेशियम एकमेकांत पसरू लागतात. पसरण्याचा गुणांक सेकंदाला १०⁻¹⁶ चौरस मीटर धरला तर १० मायक्रॉनचा धूसर पट्टा तयार व्हायला सुमारे १२ दिवस लागतात. ऑलिव्हिनमध्ये एका अक्षाच्या दिशेने पसरणं बाकी दोन दिशांच्या सहापट वेगाने होतं, त्यामुळे स्फटिकाची दिशा न मोजता काढलेला काळ निरर्थक ठरतो. तापमानात ५० अंशांची चूक झाली तर काळ दीड ते पावणेदोन पट बदलतो.

हा काळ मिसळण्यापासून उद्रेकापर्यंतचा. साठा तयार व्हायला लागलेला काळ वेगळाच. कॅलिफोर्नियातला तुओलुमी ग्रॅनाइट समूह साडेनऊ कोटी ते साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान, एकेका हप्त्याने रचला गेला. एवढा काळ एकच प्रचंड रसाचं तळं तिथे खदखदत राहिलं असतं, हे वरचा गोठण्याचा हिशेब मान्यच करणार नाही.

टेबलावरचा डाइक

साधनं नसतील तर जिलेटिन घ्या. काचेची किंवा ॲक्रिलिकची चौकोनी टाकी, २० सेंटिमीटर बाजूची चालेल, मोठी असेल तर उत्तम. तळाला मध्यभागी छिद्र, त्यात रबरी बूच आणि बारीक नळी. खालच्या थरासाठी ३ लिटर पाण्यात ६० ग्रॅम जिलेटिन पूर्ण विरघळवा, फेस चमच्याने काढा, टाकीत ओता आणि वर तेलाचा पातळ थर द्या, म्हणजे साय धरत नाही. टाकी थंड जागी, ५ अंशांच्या आसपास, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी तेल टिपून काढा आणि ३ लिटरला ९० ग्रॅम असा कडक थर वर ओता. हा थर कोमट, २५ अंशांच्या जवळपास असावा. जास्त गरम असेल तर खालचा वितळून दोन्ही एकजीव होतात. फार थंड असेल तर सांधा इतका कच्चा राहतो की काहीही केलं तरी सिलच बनते. पुन्हा रात्रभर थांबा.

रंगीत पाणी सिरिंजने अगदी सावकाश सोडा. नळीच्या तोंडाशी पातळ पात्याने छोटी चीर दिली असेल तर भेग त्या दिशेला उघडते. उभं, चपटं, नाण्यासारखं पान वर चढतं, सांध्याशी अडतं, जरा फुगतं आणि मग आडवं पसरतं. टाकीच्या दोन बाजूंना ध्रुवीकरणाचे पारदर्शक कागद लावून मागून प्रकाश टाका, टोकाभोवतीचा ताण रंगांत दिसतो. पान टाकीच्या भिंतीजवळ पोचलं की प्रयोग थांबवा, त्यापुढचं वळण भिंतीमुळे असतं. जड ‘खडक’ हवा म्हणून मीठ घालू नका, मिठाने जेल दुबळं होतं. साखर चालते.

निष्कर्ष लिहिण्याआधी

गणितात आंशिक अवकलन, लवचिकता आणि विसरणाचं (पसरण्याचं) समीकरण एवढं हवंच. पायथन ही संगणकभाषा शिका. भूकंपांसाठी ऑब्सपाय, रडार मालिकांसाठी मिंटपाय, स्फटिकांच्या दाब-तापमानासाठी थर्मोबार, सगळी मोफत आहेत. मेल्ट्स हे शिलारस थंड होताना कोणते स्फटिक कधी येतील ते सांगणारं प्रारूपही मोफत आहे. हायड्रस (रचनेत पाणी असलेली) खनिजं जास्त असलेल्या रसांत त्याच्यावर जपून विश्वास ठेवा.

आणि प्रत्येक खोलीपुढे ती कशापासून मोजली ते लिहा. किलाउएआचं शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १.२ किलोमीटर उंच आहे. भूकंपवाला समुद्रसपाटीपासून मोजतो, जमीन मोजणारा पृष्ठभागापासून, रसायनवाला मेगापास्कलला कुठल्यातरी घनतेने भागतो. तिघांचे आकडे एकाच आकृतीत जसेच्या तसे काढले जातात आणि मग ‘दोन साठे आहेत’ असा शोध लागतो. तीनही आकडे एकाच तळरेषेवर आणून, चुकीची मर्यादा दाखवणाऱ्या पट्ट्यांसह काढले की बऱ्याचदा त्या दोन साठ्यांचा एकच उरतो.